ट्रकचा न दिसणारा धूर कमी कसा करायचा

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळ माझं गॅरेज आहे. सत्तावीस वर्षं डिझेल इंजिनं उघडतोय. गेली काही वर्षं निम्मं काम सायलेन्सरच्या बाजूचंच असतं: युरियाची टाकी, पंप, नोझल आणि नॉक्स नावाचा न दिसणारा वायू मोजणारा सेन्सर. गॅरेजसमोर चहाची टपरी आहे. ती चालवणाऱ्या मावशी सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत तिथंच उभ्या असतात. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांनी मला विचारलं, "मिस्त्री, या नव्या गाड्यांना काळा धूर नाही म्हणतोस, मग माझे डोळे का रे चुरचुरतात?"

टपरीसमोर तेव्हा तीन ट्रेलर इंजिन सुरू ठेवून उभे होते. तिन्ही बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या गाड्या, तिघांचाही पीयूसी चालू तारखेचा. एकाचा ड्रायव्हर ओळखीचा होता, त्याच्या गाडीला बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून बघितला. युरियाचं नोझल बंद पडल्याचा कोड तीन आठवड्यांपासून पडून होता. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली. गाडी चालत होती, भाडं मिळत होतं, धूर दिसत नव्हता. मावशींच्या डोळ्यांत जात होतं ते याच पाइपातून.

पाच-दहा गाड्यांचे मालक, ड्रायव्हर आणि या कामात नव्यानं आलेली पोरं यांच्यासाठी हे लिहितोय. लाखो रुपयांची यंत्रणा गाडीवर बसवलेलीच आहे. ती काम करील एवढंच आपल्याला बघायचं आहे.

हा वायू येतो कुठून

नॉक्स म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड, मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड. बऱ्याच जणांना वाटतं की डिझेल वाईट असल्यामुळे तो होतो. तसं नाही. त्यातला नायट्रोजन हवेतलाच असतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे आणि एरवी तो कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. सिलिंडरमधली ज्वाळा दीड हजार अंशांच्या पार गेली की तोच नायट्रोजन ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. ज्वाळा जितकी गरम आणि ऑक्सिजन जितका जास्त, तितका नॉक्स जास्त.

यातला पेच नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. काळा धूर अर्धवट जळण्यातून येतो, नॉक्स कडक जळण्यातून. एक दाबला की दुसरा वर येतो. जुन्या गाडीचं टायमिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारायची वेळ, थोडं पुढे केलं की धूर कमी होतो, पिकअप सुधारतो आणि नॉक्स वाढतो. ड्रायव्हर खूश, पीयूसीवाला खूश. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत. तेव्हा पीयूसी पास झाला म्हणून गाडी स्वच्छ आहे, असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच खरं माना.

नायट्रोजन डायऑक्साइड फुप्फुसाला त्रास देतो, दमेकऱ्यांना तर फारच. उन्हात त्याच्यापासून ओझोन तयार होतो आणि हवेत मिसळून तो बारीक कणही बनवतो. आपल्या देशाची वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली स्वतःची मर्यादा १० वर आणली.

आता गाड्यांचे आकडे. बीएस-३ च्या अवजड इंजिनाला नॉक्सची मर्यादा किलोवॉट-तासाला ५ ग्रॅम होती. बीएस-४ ला ३.५. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ ला बदलत्या वेगाच्या चाचणीत ०.४६. म्हणजे बीएस-४ च्या सातवा-आठवा हिस्सा. एवढी मोठी उडी एकट्या इंजिनाच्या जोरावर मारता येत नाही. ती सायलेन्सरमधल्या एससीआरनं, म्हणजे युरियाच्या मदतीनं नॉक्स संपवणाऱ्या जाळीच्या यंत्रणेनं मारलेली आहे. एससीआर बंद पडला की तुमची नवीकोरी गाडी, कागद काहीही म्हणोत, दहा-पंधरा वर्षं मागे जाऊन पडते.

युरिया: इथं घाई नको

ड्रायव्हर ज्याला युरिया म्हणतात ते डीईएफ. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकीचं सगळं क्षार काढलेलं पाणी. गरम सायलेन्सरमध्ये नोझल त्याचा फवारा मारतं, उष्णतेनं युरियाचा अमोनिया होतो आणि एससीआरच्या जाळीवर अमोनिया आणि नॉक्स एकमेकांना भिडतात. शेवटी उरतो नायट्रोजन आणि पाण्याची वाफ, हवेतून घेतलेला नायट्रोजन हवेलाच परत. व्यवस्थित चालला तर इंजिनातून निघालेल्या नॉक्सपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त तिथंच संपतो. हे काम मला अजूनही सुंदर वाटतं.

आणि याच कामात लोक खतातला युरिया घालतात. २०२१ च्या शेवटी चीननं युरियाची निर्यात आवळली, दक्षिण कोरियात तर ट्रक उभे राहायची वेळ आली. तेव्हापासून आपल्याकडेही घरी कालवायची टूम निघाली. चेंबूरला आरसीएफचा खताचा कारखाना शेजारीच, त्यामुळे युरिया म्हणजे युरिया, त्यात काय एवढं, असं बऱ्याच जणांना मनापासून वाटतं. पण खताच्या ४५ किलोच्या गोणीतला युरिया २०१५ पासून नीमलेपित आहे, म्हणजे दाण्यावर कडुनिंबाच्या तेलाचा थर आहे. शिवाय त्यात बाययुरेट नावाची अशुद्धी जास्त असते आणि दाणे चिकटू नयेत म्हणून आणखी काही मिसळलेलं असतं. शेताला ते चालतं, एससीआरच्या जाळीला चालत नाही. वर बोअरवेलचं पाणी घातलंत तर त्यातलं कॅल्शियम आणि सोडियम जाळीवर कायमचं बसतं. आणि अनुदानाचा युरिया शेतकऱ्याचा आहे, तो गाडीत ओतणं गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

माझ्याकडे अशी एक गाडी आली होती. टाकीचं झाकण उघडलं तर निंबाचा वास आणि पाण्यावर पिवळट तवंग. मालक म्हणाला, "सेन्सर तर ओके दाखवतो." बरोबरच होतं त्याचं. टाकीतला सेन्सर पाण्यात युरिया किती आहे एवढंच बघतो. तो युरिया कुठला आणि पाणी कसलं, हे त्याला कळत नाही. म्हणून घरचं मिश्रण आठ-दहा महिने बिनबोभाट चालतं आणि मग एक दिवस एससीआरची क्षमता कमी झाल्याचा कोड येतो. तोवर जाळी मेलेली असते, आणि ती धुऊन परत येत नाही. त्या मालकाला पूर्ण एससीआर बदलावा लागला. त्या पैशात वर्षानुवर्षांचं चांगलं डीईएफ आलं असतं.

विकत घेताना डब्यावर आयएसओ २२२४१ लिहिलेलं आहे का, सील शाबूत आहे का आणि तारीख कुठली आहे ते बघा. डीईएफ २५ अंशांत ठेवलं तर साधारण दीड वर्ष टिकतं, ३० अंशांत वर्षभर, ३५ अंशांत सहा महिनेच. मुंबईतल्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेत किती तापतं ते मी सांगायला नको. स्वस्त पडतं म्हणून वर्षाचे ड्रम भरून ठेवू नका. महिना-दोन महिन्यांपुरतं घ्या आणि जमिनीलगत, सावलीत ठेवा.

माझ्या खिशात एक रिफ्रॅक्टोमीटर असतो, पेनाएवढी दुर्बीण म्हणा. काचेवर डीईएफचा एक थेंब टाकायचा, झाकण दाबायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. वर निळं, खाली पांढरं आणि मधली रेघ ३२.५ वर. रेघ २५ वर आली तर कुणीतरी पाणी घातलंय, किंवा अर्धा डबा विकून भरून ठेवलाय. हे हत्यार महाग नाही, पाच गाड्या असलेल्या मालकाकडे असायलाच हवं. मात्र तेही फक्त प्रमाण सांगतं, शुद्धपणा सांगत नाही. म्हणून त्याच्या आधी सील बघायचं.

भांड्याची गोष्ट राहिली. डीईएफ तांब्याला, पितळेला, ॲल्युमिनियमला आणि साध्या लोखंडाला खातं आणि तो धातू स्वतःत विरघळवून घेतं. डिझेलचं नरसाळं, पत्र्याचं माप, ऑइलची जुनी बादली यांतलं काहीही वापरू नका. एक प्लास्टिकचं नरसाळं फक्त यासाठी ठेवा, त्याला निळा रंग लावा आणि पिशवीत गुंडाळून केबिनमध्ये ठेवा. युरियाच्या टाकीत चुकून डिझेल गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका. चावी फिरली की पंप ते ओढतो आणि मग पंपापासून नोझलपर्यंत सगळं बदलावं लागतं. चावी न फिरवता गाडी गॅरेजला ओढून आणलीत तर टाकी धुऊन भागतं.

खडे

नोझल काढून हातावर घेतलं की टोकाला पांढरे खडे दिसतात, खडीसाखरेसारखे. कधीकधी पाइपाच्या वळणात मुठीएवढा गठ्ठाही सापडतो. पांढरे आणि भुसभुशीत असतील तर काळजी नाही. इंजिन गार असताना नोझल काढा आणि कोमट-गरम पाण्यात टोक तासभर बुडवून ठेवा, खडे आपोआप विरघळतात. तार घालायची नाही, सुई घालायची नाही, पॉलिश पेपर नाही, रॉकेल नाही. फवाऱ्याची भोकं केसाएवढी असतात. एकदा ओरखडा पडला की फवाऱ्याऐवजी धार पडायला लागते, आणि धार पडली की खडे दुप्पट वेगानं होतात. बसवताना गॅस्केट नवं घाला.

पिवळट-तपकिरी, दगडासारखे कडक खडे असतील तर ते पाण्यानं जात नाहीत. ते उष्णतेनंच जातात, म्हणजे लोड घेऊन लांबची फेरी किंवा गॅरेजमध्ये उभ्यानं केलेलं रिजनरेशन (सायलेन्सर मुद्दाम तापवून आत साचलेलं जाळणं). पण असे खडे दिसले की मी आधी एकच विचारतो: गाडी कुठे उभी असते?

खडे टाळायची एक सवय अगदी फुकट आहे. इंजिन बंद केल्यावर युरियाचा पंप एक-दोन मिनिटं चालू राहतो आणि नळीतलं डीईएफ परत टाकीत ओढून घेतो. बारीक घूं-घूं आवाज येतो तो त्याचाच. आपले ड्रायव्हर चोरीच्या भीतीनं चावी काढतात आणि लगेच बॅटरीचा मेन स्विच खाली ओढतात. मग नळीतलं डीईएफ तिथंच सुकतं. आवाज थांबेपर्यंत थांबा. टायर बघा, लाइट बघा आणि मग स्विच बंद करा.

रांगेत उभी असलेली गाडी

मुंबईचा खरा प्रश्न इथं आहे, आणि कुठल्याच कंपनीच्या पुस्तकात तो आपल्यासारखा लिहिलेला नाही.

एससीआरला काम करायला उष्णता लागते. साधारण दोनशे अंशांच्या खाली गाडीचा कॉम्प्युटर युरिया फवारतच नाही, कारण थंड पाइपात फवारला तर त्याचे खडेच होणार. अडीचशेच्या वर जाळी मजेत चालते. एकदा एका ट्रेलरला स्कॅनर लावून मी ड्रायव्हरशेजारी बसून गेलो होतो. खंडाळ्याचा घाट भरलेल्या गाडीनं चढताना सायलेन्सरचं तापमान ३८० होतं आणि मागच्या सेन्सरवर नॉक्स नावालाच. तीच गाडी न्हावा शेवा बंदराच्या बाहेर रांगेत लागली. इंजिन सुरू, गाडी दहा मिनिटांनी एक लांबी पुढे. अर्ध्या तासात आकडा १५० वर आला. फवारा बंद. पुढचे साडेतीन तास त्या गाडीतून जो नॉक्स निघाला तो जसाच्या तसा बाहेर गेला, कोणताही दिवा न लागता, कोणताही कोड न येता. नियमानं सगळं बरोबर होतं.

म्हणून रांगेत इंजिन बंद करणं याहून मोठं काम नॉक्ससाठी दुसरं नाही. न्यूट्रलमध्ये रेस देऊन सायलेन्सर गरम ठेवतो असं काही जण म्हणतात. लोड नसेल तर रेस देऊन तापमान फारसं चढत नाही, डिझेल मात्र जातं. स्टार्ट मारायला जास्त डिझेल लागतं हीही जुनी समजूत आहे, आजच्या इंजिनांना लागू नाही. लांबून दमून आलेली गाडी असेल तर टर्बो गार व्हायला दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बास.

मालकांनो, हिशोब करा. मोठं इंजिन नुसतं उभं राहून तासाला दोन लिटरच्या आसपास पितं. रोज चार तास, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे दोनशे लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तर अठरा हजार रुपये, एका गाडीचे, एका महिन्याचे.

पण ड्रायव्हरला नुसतं 'इंजिन बंद ठेव' म्हणून चालणार नाही, हे मी ठासून सांगतो. मे महिन्यात उरणच्या उन्हात पत्र्याच्या केबिनमध्ये चार तास बसून बघा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, चांगलंच झालं, पण एसी चालवायला इंजिन सुरू ठेवावं लागणार. तेव्हा चोवीस व्होल्टचे दोन चांगले पंखे लावून द्या, काचांना जाळी आणि पडदे द्या आणि बॅटऱ्या दमदार ठेवा. त्याहून महत्त्वाचं, कंटेनरचे कागद तयार नसताना गाडी गेटकडे पाठवू नका. पार्किंगमध्ये थांबवा आणि बोलावणं आलं की हलवा. निम्मी रांग ऑफिसात बसलेल्या माणसाच्या घाईतून तयार होते, हे मी ट्रान्सपोर्टवाल्यांच्या तोंडावर सांगत आलोय.

दिवसभर गोदी, वडाळा, भिवंडी असंच फिरणाऱ्या गाडीला आठवड्यातून एकदा तरी लोडसह हायवेची फेरी मिळेल असं बघा. डॅशबोर्डवर रिजनरेशन अडवायचं बटण असतं. ते पेट्रोल पंपावर किंवा ज्वलनशील मालाजवळ दाबण्यासाठी आहे. दाबून विसरू नका. रिजनरेशन पूर्ण होऊ द्या.

उष्णतेचा आणखी एक चोर: सायलेन्सरचं वेल्डिंग करून आणलं की टर्बोपासून मागे जाणाऱ्या पाइपावरचं चंदेरी आवरण गायब असतं. वेल्डर ते कापतो आणि फेकून देतो. ते शोभेसाठी लावलेलं नाही, उष्णता धरून ठेवण्यासाठी आहे. परत बसवून घ्या. पाइपाचा बेलो, म्हणजे मधला लवचिक जोड, फाटला असेल तर तोही लगेच बदला. फटीतून हवा शिरली की सेन्सर चुकीचं वाचतो आणि डोस चुकतो.

सेन्सर, आणि आपला पावसाळा

गाडीवर नॉक्सचे दोन सेन्सर असतात, एक एससीआरच्या आधी, एक नंतर. स्कॅनरवर प्रत्येक भागाला एसपीएन नावाचा नंबर असतो, आधीचा सेन्सर एसपीएन ३२१६ आणि नंतरचा ३२२६ म्हणून येतो. आत सिरॅमिकचा तापलेला तुकडा असतो. त्यावर पाण्याचा थेंब पडला की तो तडकतो. म्हणून गाडी नुकतीच आली असेल, सायलेन्सर तापलेला असेल तर प्रेशरनं धुऊ नका, आणि गार असली तरी सेन्सरच्या दिशेनं पिचकारी मारू नका. गांधी मार्केटच्या किंवा हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढलीत तर दुसऱ्या दिवशी कनेक्टर उघडून पुसा. बंदराच्या खाऱ्या हवेनं पिना हिरव्या पडतात. मी दर जूनच्या आधी सगळे कनेक्टर साफ करून सिलिकॉनचं ग्रीस लावतो. पावसाळ्यात येणारे निम्मे सेन्सर कोड सेन्सरचे नसतात, पिनांचे असतात. सेन्सर बदलायच्या आधी पिना बघा.

नव्या मिस्त्रींसाठी एक गोष्ट, मला ती शिकायला दोन वर्षं लागली. नॉक्स सेन्सर अमोनियालाही नॉक्सच समजतो. मागचा आकडा जास्त दिसला की लोक युरियाचा डोस कमी पडतोय असं धरून चालतात. कधीकधी उलटं असतं: नोझल गळत असतं, डोस जास्त होत असतो आणि न वापरलेला अमोनिया मागे दिसत असतो. ओळखायचं कसं? गाडी गरम असताना, लोडवर, स्कॅनरनं डोस थोडा वेळ थांबवा. मागचा आकडा आधी खाली उतरला तर तो अमोनिया होता. लगेच वर चढायला लागला तर खरंच नॉक्स होता.

बायपास किट

फोनच्या बॉक्सएवढी डबी असते, फ्यूज बॉक्सच्या मागे लपवतात. गाडीच्या कॉम्प्युटरला ती सांगत राहते की युरिया फवारला जातोय, नॉक्स कमी आहे, सगळं छान आहे. प्रत्यक्षात फवारा बंद. माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी विचारायला येतं, "बसवून देता का?" मी बसवत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक गेलंय, आणि ओळखीतल्या माणसांनाही नाही म्हणावं लागलंय.

कायदा सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली हवेच्या प्रदूषणाचे नियम मोडले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. गाडीत परवानगीशिवाय फेरफार केला म्हणून मालकावर कलम १८२ए(४) वेगळं. पण कायद्याच्या आधी मला टपरीवरच्या मावशी दिसतात. युरियाचे वाचलेले पैसे त्यांच्या फुप्फुसातून वसूल होतात, आणि ड्रायव्हर-क्लीनरच्याही, कारण ते त्याच रांगेत, त्याच धुरात झोपतात.

सेकंडहँड गाडी घेताना किट आहे का ते असं ओळखा: लोडवर चालवताना इंजिनाची मेहनत बदलत असते, त्याबरोबर मागच्या नॉक्सचा आकडाही हलला पाहिजे. तो एकाच जागी खिळलेला असेल, किंवा शंभर-दीडशे किलोमीटरनंतरही युरियाची पातळी तसूभर उतरली नसेल, तर डॅशबोर्ड उघडा.

गाडी जुनी असेल तर

बीएस-३ च्या गाड्यांना एससीआर नाही. बीएस-४ मध्ये कंपन्यांनी दोन वाटा धरल्या: काहींनी एससीआर, काहींनी ईजीआर, जशी अशोक लेलँडची आयईजीआर. ईजीआर म्हणजे जळून निघालेल्या वायूचा थोडा भाग परत सिलिंडरमध्ये घालायचा. ऑक्सिजन कमी झाला की ज्वाळा नरम पडते आणि नॉक्स घटतो. आपल्याकडे काजळी धरते म्हणून त्यात पत्रा मारून तो बंद करतात. पत्रा काढा, व्हॉल्व्ह आणि कूलर साफ करा. काजळी फार होत असेल तर इंजेक्टर आणि टर्बो बघा, कारण दोष तिथं असतो.

टायमिंग कंपनीच्या खुणेवर ठेवा. पिकअपसाठी पुढे केलेलं असेल तर परत आणा. इंटरकूलरची जाळी धुळीनं भरलेली असेल तर आत जाणारी हवा गरम राहते आणि नॉक्स वाढतो. सहा महिन्यांनी ती खाली उतरवून धुवा. रेडिएटर, पंख्याचा क्लच आणि थर्मोस्टॅट हेही त्याच कारणासाठी. ओव्हरलोड नको, यावर मी वेगळं काही लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

गाडी देण्याआधी

दुरुस्ती झाल्यावर मी कोड पुसून गाडी देत नाही. रिकाम्या गाडीवर, उभ्या-उभ्या सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. गाडीत लोड असताना ड्रायव्हरला घेऊन सायन-पनवेल महामार्गानं वाशीचा पूल ओलांडून नेरूळपर्यंत जातो. स्कॅनर मांडीवर. तापमान अडीचशेच्या वर गेलं, फवारा सुरू झाला की दोन्ही सेन्सर शेजारी-शेजारी ठेवून बघतो. पुढे सहाशे-सातशे पीपीएम (दहा लाख भागांत एवढे भाग) आणि मागे चाळीस-पन्नासच्या आत, असं चढावर आणि सपाटीवर दोन्हीकडे राहिलं तर काम झालं. मागे दोनशे दिसले तर परत गॅरेज.

मग मालकाला एक वही देतो. तीनच रकाने: किलोमीटर, डिझेल, युरिया. बऱ्याच बीएस-६ गाड्या शंभर लिटर डिझेलला चार ते सहा लिटर युरिया घेतात, काही मॉडेल तीन. तुमच्या गाडीचा आकडा पहिल्या दोन महिन्यांत समजतो. तो अचानक निम्म्यावर आला तर नोझल बंद झालंय, किंवा किट बसलंय, किंवा गाडी रांगेतच जास्त उभी आहे. अचानक वाढला तर नोझल गळतंय, किंवा कुणीतरी युरिया विकतंय. दिवा लागायच्या आधी वही सांगते. पहिली ओळ मी स्वतः लिहितो, नेरूळहून परत आल्यावर, तारखेसह, आणि मग किल्ली देतो.